धूर दाखवा, मग राहा

आमच्या घराचा पाया मध्यप्रदेशात खणला गेला आणि छपरावर कवेलू चढले ते मुंबई राज्यात. घर जागचं तसूभर हललं नाही. वर्ध्याच्या बाहेर, नाल्याच्या अलीकडे जिथं खुंट ठोकले होते तिथंच ते उभं राहिलं. राज्यच त्याच्या खालून निघून गेलं. आणखी दोन उन्हाळे रेंगाळलो असतो तर न्हाणी तिसऱ्याच राज्यात बांधावी लागली असती, असं माझे मामाजी, म्हणजे सासरे, म्हणायचे. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

रेंगाळायला कारण होतं. घर आम्ही आमच्या हातानं बांधत होतो. नवरा जिनात कापूस तोलायला. त्याला सुटी रविवारी. बाकीचे सहा दिवस मी आणि माझी सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. शेती अल्लीपूरच्या पलीकडे. ती मामाजींवर सोपवून आत्याबाई "चार दिवस भिंती पाह्याले" म्हणून आल्या आणि भिंती पुऱ्या होईपर्यंत परत गेल्याच नाहीत. बाई उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण मातीचं घमेलं डोक्यावर घेऊन चालायला लागली की रस्त्यातल्या म्हशी बाजूला व्हायच्या. माझ्याबद्दल काय सांगू? माझा आवाज त्या वेळी असा होता की मी नाल्याकाठून "पानी आना" म्हणून हाक मारली की स्टेशनावरचा पाणीवाला बादली घेऊन निघायचा.

जमीन आमची काळी. ज्यानं वर्ध्याची काळी जमीन उन्हाळ्यात पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही. एप्रिलात अशा भेगा पडतात, की आमच्या प्लॉटवर एक बकरी चरता चरता भेगेत गेली ती हिंगणघाटच्या बाजारात निघाली, आणि निघाली तेव्हा तिच्यामागं दोन पिल्लं होती. अशा जमिनीवर घर उभं करायचं म्हणजे खाली मुरूम घालावा लागतो. आम्ही मुरूम घालत गेलो आणि जमीन खात गेली. शेवटी तिचं पोट भरलं तेव्हा कुठं जोतं वर आलं.

आता प्लॉटची अट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. प्लॉट कमेटीचा होता. कमेटी म्हणजे म्युनिसिपालटी. आमच्याकडं तिला दुसरं नाव नाही. कमेटीचं म्हणणं साधं होतं: घर तुम्ही बांधा, आमचा ओवरसियर येऊन पाहील. माणसानं राहण्याजोगं आहे असं त्यानं लिहून दिलं की तुम्हाला राहण्याचा कागद मिळेल. तो कागद घेऊन मार्च संपायच्या आत राहायला या. नाही आलात तर प्लॉट परत. आणि कागदाआधीच राहायला गेलात, तरीही प्लॉट परत.

ही दुसरी अट नुसती लिहिण्यापुरती नव्हती. मागच्या ओळीतल्या एका गृहस्थानं कागदाची वाट न पाहता गुपचूप बिऱ्हाड हलवलं. ओवरसियर आला, त्यानं कुणाला काही विचारलं नाही, सरळ आत जाऊन चुलीत हात घातला. राख गरम निघाली. गृहस्थाचा प्लॉट गेला. तेव्हापासून चूल पेटली म्हणजे माणूस राहायला आला, हा कायदा साऱ्या वस्तीला तोंडपाठ झाला.

आणि आम्हाला तर घाई होती. आम्ही राहत होतो ती भाड्याची खोली धान्याच्या गोदामामागं होती. खोली इतकी लहान, की नवऱ्यानं कूस बदलली की मला उठून बाहेर जाऊन यावं लागायचं. उंदीर इतके मोठे, की मांजर पाळलं तर उंदरांनी ते पाळल्यासारखं दिसायचं. मार्चअखेर घरमालकाला ती खोलीही गोदामात घ्यायची होती. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या सकाळी एकतर आम्ही आमच्या घरात, नाहीतर स्टेशनाच्या बाकावर.

फेब्रुवारीत ओवरसियर पहिल्यांदा पाहायला आला. तरुण पोरगा, नवं राज्य झाल्यावर तिकडून पुण्याकडून बदलून आलेला. पांढरा बुशशर्ट, सायकल, आणि मराठी अशी इस्त्री केलेली की ऐकताना आपल्याच पदराला घड्या पडाव्यात. बरोबर पाण्याची बाटली आणलेली. आत्याबाईंनी चहा विचारला.

"मी कुणाकडे काही घेत नाही," तो म्हणाला.

"काऊन? दात दुखून राह्यले का?" आत्याबाई म्हणाल्या.

"लाच होते ती."

"चहाची लाच?" आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "माय वं, मंग आपन तं साऱ्या अल्लीपुराले लाच देल्ली."

पण पोरगा कामाला चोख. जोत्याची उंची टेपनं मोजली. आत्याबाईंचा टेपवर विश्वास नव्हता. त्यांनी मागून वितीनं मोजून खात्री केली. संडास पाहिला, न्हाणीतून नालीपर्यंत पाणी सोडून पाहिलं. मग खिडक्या. दर खोलीला दोन खिडक्या हव्यात असा नियम, आणि त्या खिडक्यांवरून आमच्या घरात महाभारत होऊन गेलेलं. आत्याबाईंचं म्हणणं, "भिंतीले भोक पाडाचं अन् त्याले पल्ला लावाचा, मंग भिंत बांधली कायले?" मी दिवसभर मोजून-मोजून विटा ठेवून खिडकी सोडायची आणि रात्री आत्याबाई ती बुजवायच्या, असं पंधरवडाभर चाललं. शेवटी नवऱ्यानं चौकटच बसवून टाकली आणि म्हणाला, "माय, खिडकी नाई तं कागद नाई." तेव्हा त्या थांबल्या. ओवरसियरनं खिडक्या उघडल्या, मिटल्या, मान डोलावली.

मग तो सैपाकघरात आला.

ही चूल म्हणजे माझा अभिमान. सेवाग्रामकडं बायकांना बिनधुराची चूल शिकवायचे, तिथं जाऊन मी शिकून आलेली. एका बाजूला जाळ घालायचं तोंड, वर भांड्यांसाठी भोकं, आणि मागून भाजलेल्या मातीचं धुराडं सरळ कवेलूंच्या वर. आत्याबाईंना ती चूल कधीच पटली नाही. त्यांच्या मते धूर नसलेल्या चुलीवरचं अन्न म्हणजे रडल्याशिवाय लागलेलं लग्न.

ओवरसियरनं वाकून आत पाहिलं, बाहेर जाऊन धुराडं पाहिलं, परत आला.

"छान आहे. पण स्वैपाकघरात धूर न राहता बाहेर जायला हवा, हे मला प्रत्यक्ष पाहावं लागेल. चूल पेटवा."

आत्याबाईंनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. "नाई."

"नाही म्हणजे?"

"नाई म्हंजे नाई. नव्या घरची चूल अशी पेटत नसते, साहेब."

मग त्यांनी सांगितलं, आणि आमच्याकडची प्रत्येक बाई हेच सांगेल. नव्या चुलीचा पहिला जाळ म्हणजे घरात पाय टाकणं. त्यावर आधी दूध ठेवायचं, ते उगवतीकडं उतू जाऊ द्यायचं. आणि एकदा ती चूल पेटली की घर रिकामं सोडायचं नाही. रात्रीला माणूस निजलं पाहिजे, सकाळी विस्तव जिवंत निघाला पाहिजे. पेटवलेली चूल सोडून गेलं तर ते घर पुन्हा माणसाला आपलं म्हणत नाही.

"मग राहा की," ओवरसियर बोलून गेला, आणि लगेच स्वतःच दचकला. "नाही, नाही! कागदाआधी राहायचं नाही. प्लॉट जाईल."

"मंग आता द्या कागद. पेटवतो चूल."

"चूल पाहिल्यावर मी रिपोर्ट देणार. त्यावर वरच्या साहेबांची सही. त्याला काही दिवस लागतात."

माझा नवरा कमी बोलणारा. आयुष्यभर तराजू पाहून पाहून त्याला दोन्ही बाजू बरोबर दिसायच्या. तो म्हणाला, "म्हंजे साहेब, चूल पेटवल्याबिगर कागद नाई, अन् कागदाबिगर चूल पेटवता येत नाई."

"माझ्यासमोर पेटवली तर कायद्याला चालेल," ओवरसियर म्हणाला.

"कायद्याले चालन," आत्याबाई म्हणाल्या, "चुलीले नाई चालत."

तो बाटलीतलं पाणी प्यायला, सायकलवर बसला आणि महिनाभरानं पुन्हा येईन म्हणून निघून गेला. घर उभं, खिडक्या दोन-दोन, जोतं वितीनं आणि टेपनं दोन्हींनी पास, आणि आम्ही बाहेर.

त्या महिन्यात मी आत्याबाईंना काय काय सुचवलं याला हिशेब नाही. चुलीत ऊद जाळू. "ऊदबी आगच." चुलीत निखारे ठेवू, शेजारच्या घरून आणलेले. "इस्तो कोनाचाबी असो, चूल तं आपली." धूर दुसऱ्या कशाचा करू. "आगीबिगर धूर कोन्या देवानं केला?" प्रत्येक वेळी त्या बरोबर होत्या, हेच सगळ्यात वाईट.

मार्च निम्मा सरला आणि मामाजी गावाहून बंडीनं गहू घेऊन आले. ओट्यावर बसले, चिलीम काढली, भरली, ओढली आणि असा धूर सोडला की समोरची निंबाची फांदी दिसेना. मामाजींची चिलीम आमच्या भागात नावाजलेली. ती पेटली की मधमाश्यांना वाटायचं, दिवस मावळला. चाळीस वर्षं आत्याबाई त्या चिलमीशी भांडत होत्या. नळीत राख भर, तंबाखू लपव, सगळं करून थकलेल्या. त्या दिवशी मात्र त्या धुराकडं बघतच राहिल्या. मीही बघत होते. मग आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"आत्याबाई," मी हळूच म्हटलं, "चिलीम कोनाची?"

"बुढ्याची."

"अन् तिच्यातली आग?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. माझ्या आयुष्यात कोर्टाचा निकाल मी इतका कान देऊन ऐकला नसेल. "चिलीम मानसाची," त्या म्हणाल्या. "चूल घराची. बुढ्यानं धूर तोंडातून सोडला, अन् चिलीम चुलीच्या आत नाई गेली, तं थे चूल पेटवनं नाई." आणि मग मामाजींकडं वळून, "आयकलं का हो? जितकी पाह्यजे तितकी ओढजा. अन् संगत्याइलेबी आना."

मामाजींनी चिलीम तोंडातून काढली आणि विचारलं, "तुही तब्येत बरी आहे ना?"

ओवरसियर यायच्या दिवशी मामाजी त्यांचे तीन जुने सोबती घेऊन पहाटेच हजर झाले. चौघांच्या चार चिलमी आणि रस्त्यात कमी पडू नये म्हणून तंबाखूचं गाठोडं. आत्याबाईंनी चुलीला हळदकुंकू वाहिलं. आणि नवी चूल अगदी रिकामी पाहुण्याला दाखवू नये म्हणून तिच्या तोंडात चार वाळक्या पऱ्हाट्या नीट रचून ठेवल्या. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलं झाड. आमच्याकडं सगळा सैपाक तिच्यावरच. पेटायच्या नव्हत्याच त्या, नुसत्या शोभेच्या.

भांड्यांची भोकं पातेली ठेवून बंद केली. चौघे म्हातारे चुलीच्या तोंडाशी डोकी लावून पालथे पडले, पाय चार दिशांना, वरून पाहिलं तर मोठी चांदणी काढल्यासारखे. ओवरसियरला सैपाकघरात न नेता मी सरळ अंगणात उभं केलं.

"पाहा साहेब, धुराडं पाहा."

दुपारचं ऊन. मार्चातलं वर्ध्याचं ऊन म्हणजे कवेलूवर पापड ठेवला तर भाजून, वर तूप लावून खाली येतो. त्या उन्हानं धुराडं असं तापलेलं की ते खालून हवा वर ओढतच होतं. आधी काही नाही. मग एक बारीकशी रेघ. मग जाडसर. मग आतून मामाजींचा आवाज आला, "हं, आता चौघंबी!" आणि धुराड्यातून असा लोट उठला, की स्टेशनावरच्या हमालांना वाटलं नागपूरची गाडी आज नाल्याकडून येऊन राह्यली, आणि दोघेतिघे डोक्याला फडकी गुंडाळून धावत आलेसुद्धा.

"उत्तम!" ओवरसियर म्हणाला. "आता आत धूर किती राहतो ते पाहतो." आणि मी आडवी येईपर्यंत तो सैपाकघराच्या दारात पोचलाही.

सैपाकघरात धुराचा कण नव्हता. चौघे म्हातारे मात्र होते.

"हे... हे काय चाललंय?"

मामाजींनी मान वर केली. "चूल फुकून राह्यलो, साहेब."

"पण जाळ कुठाय?"

"जाळ कशाले? तुमाले धूर पाह्यजे होता ना? कागदावर कोनाचा धूर थे लिवलं आहे का?"

ओवरसियरनं खरंच पिशवीतून नियमांचा कागद काढला आणि वाचायला लागला. धूर घरात न राहता बाहेर जावा, एवढंच त्यात होतं. तो गोंधळून उभा, तर मामाजींनी चिलीम पुढं केली. "घेता का एक दम? लाच नाई, सरकारी काम आहे."

हे ऐकून त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्याला असं हसू फुटलं की त्याचा हात हलला, चिलीम उलटली, आणि लाल निखारा टुणकन उडून चुलीच्या तोंडात, त्या शोभेच्या पऱ्हाट्यांवर पडला.

पऱ्हाटीला पेटायला काय लागतं? नुसतं रागानं पाहिलं तरी पेटते. भडका उडाला. धुराड्यात घूं घूं आवाज घुमला, धूर सरळ वर गेला, आणि सैपाकघर तसंच्या तसं स्वच्छ. माझी चूल अशी सुरेख चालली की क्षणभर मी सगळं विसरून नुसती तिच्याकडं पाहत राहिले.

"वा!" ओवरसियर म्हणाला आणि भिंतीला कागद टेकवून तिथंच रिपोर्ट लिहायला लागला.

आत्याबाई खाली बसल्या. "पेटली," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सगळं एकदमच झालं. आधी दूध. नवरा नाल्यापलीकडच्या गवळ्याकडं धावला. इतक्या जोरानं, की परत येताना लोटीत वर लोण्याचा गोळा तरंगत होता. दूध उगवतीकडं उतू गेलं. आत्याबाईंनी हात जोडले, मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "आता इथून कोनी हालत नाई."

"असं करू नका, आई," ओवरसियर काकुळतीला आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आई निघालं. "तुम्ही इथं राहिलात तर मलाच लिहावं लागेल. मी काय खोटं लिहू?"

"अन् आमी गेलो तं चूल सोडून गेलो. मंग कागद घेऊन का करू?"

नवरा एकदा आईकडं बघे, एकदा साहेबाकडं. काटा मधेच उभा. चारही म्हातारे उठून बसलेले, चिलमी विझलेल्या. माझ्या डोळ्यासमोर स्टेशनाचं बाकडं.

आत्याबाईंनी ओवरसियरला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. मग विचारलं, "साहेब, तुमी राह्यता कुठी?"

"स्टेशनाजवळ. धर्मशाळेत."

"जेवता?"

"खानावळीत."

"लगन?"

"नाही झालं अजून. का?"

"मालकानं राह्याचं नाई, असंच लिवलं आहे ना? मानसानं राह्याचं नाई असं तं नाई लिवलं?"

ओवरसियरनं पुन्हा कागद काढला. "मालकाने अथवा त्याच्या कुटुंबाने," त्यानं वाचलं.

"तुमी आमचे कोन?"

"कुणीच नाही."

"मंग तुमीच राहा. कागद भेटेपर्यंत. रातच्याले इस्तो झाकजा, सकाळी फुकजा. घराले मानूस भेटलं, चुलीले जाग भेटली, कायद्याले कायदा भेटला."

"पण मी कुणाकडे जेवत नाही..."

"जेवा कोन म्हनते? चुलीवर रोज काईतरी शिजलं पाह्यजे. शिजलेलं फेकता येत नाई. तुमी फक्त थे वाया जाऊ देऊ नोका."

मामाजींनी खोकून हसू लपवलं. ओवरसियरनं बराच वेळ खिडक्यांकडं पाहिलं. "तशी रात्रीची हवा खेळते की नाही, हे पाहणंही माझ्या कामातच येतं," तो शेवटी म्हणाला, आणि संध्याकाळी सायकलला वळकटी बांधून आला. अशा रीतीनं आमच्या घरात आमच्या आधी कमेटी राहायला गेली.

आम्ही दिवसा सारवण-लिंपणाला म्हणून जायचो. मालकानं आपलं घर लिंपायला कायद्याची ना नव्हती. आत्याबाई सैपाक करायच्या. सांजेला आम्ही आपल्या घराला कडी लावून, आत सरकारला ठेवून, गोदामामागच्या उंदरांत परत यायचो. मला वाटलं, दोनचार दिवसांत कागद येईल.

पण आत्याबाईंचा हात म्हणजे हात होता. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, अंबाडीची भाजी, पाटवड्यांचा रस्सा, वर जवसाची चटणी. खानावळीच्या पाण्यासारख्या वरणावर वाळलेलं ते पोर बहरायला लागलं. आठवड्यात बुशशर्टाची वरची गुंडी लागेना. दुसऱ्या आठवड्यात सायकल चढावर त्याला म्हणायला लागली, तू उतर, मी पुढं होते. आणि कागदाचं विचारलं की दर दिवशी नवं. साहेब दौऱ्यावर. साहेबांचं पोट बिघडलंय. शिक्का कपाटात, किल्ली कारकुनाकडं, कारकून लग्नाला. हे सांगता सांगता तो तिसरी भाकर मोडायचा.

"आत्याबाई," मी म्हटलं, "हा कागद आनत नाई."

"आनन ना बापा. पोट्टा बिचारा एकटा आहे."

"महिना सरून राह्यला."

"तुले तं घाईच लय. आज त्याले पाटवडी पाह्यजे म्हने."

आत्याबाई फितूर झालेल्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा. मामाजी गावी निघून गेलेले, आणि तिथं लोकांना सांगत होते म्हणे, की वर्ध्याला नवीन चुली आल्यात, त्या चिलमीबिगर चालत नाहीत. म्हणजे घर वाचवायला उरले मी एकटी.

मार्च संपायला आला तसा मी आत्याबाईंना म्हटलं, "आज रस्सा मी करते, तुमी जरा आराम करा." भिवापुरी मिरची घरात होती. ती कशी असते ते सांगते: कुणी ती चुकून नाल्यात टाकली तर खालच्या गावचे मासे उड्या मारून वर येतात. मी ती भाजली, वाटली, आणि आमच्या सगळ्यात मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, असा लालभडक रस्सा केला की त्याच्यावरून माशी गेली ती पलीकडं पोचली नाही.

आमच्या ओवरसियर साहेबांनी पहिला घास घेतला, आणि थांबले. पण पाटवडीचा मोह वाईट. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग कान लाल झाले, टोपी आपोआप वर उचलली गेली, आणि ते विहिरीकडं असे गेले की दार उघडायचं राहिलंच. ते आले म्हणून दार स्वतःच बाजूला झालं. एका दमात त्यांनी अर्धी विहीर संपवली. दुसऱ्या दिवशी रहाटाला दोर जोडून घ्यावा लागला.

परत आले तेव्हा तोंडानं नुसती हवा ओढत होते.

"वहिनी... आज... तिखट जरा..."

"कमी झालं का?" मी काळजीनं विचारलं. "मलाबी तसंच वाटलं. पण आता फिकर नका करू. मामाजींनी गावाहून याच मिरचीचं पोतं पाठवलं आहे. कागद येईपर्यंत रोज हेच. तुमच्यासाठी उद्या थोडं वाढवते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी भोळेपणानं पदर डोक्यावर घेतला.

दुसऱ्या सकाळी मी पोचले तेव्हा वळकटी सायकलला बांधलेली होती. आणि ऊन तापायच्या आत ओवरसियर परत आला तो हातात कागद घेऊन. साहेब दौऱ्यावरून आले होते, पोट बरं झालं होतं, किल्ली सापडली होती, कारकुनाचं लग्न मोडलं होतं की काय कोण जाणे.

"अभिनंदन," तो म्हणाला. "आता तुम्ही राहा." मग जरा घुटमळला. "चूल सकाळी मीच फुंकून ठेवली आहे. विस्तव जिवंत आहे."

आत्याबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पिशवीत जवसाची चटणी कोंबली. या वेळी तो लाच म्हणाला नाही. "अधूनमधून येजो," त्या म्हणाल्या. त्यानं मान हलवली, पण आधी माझ्याकडं पाहून घेतलं.

तो दिवस सामान हलवण्यात गेला. संदुका, रांजण, पाटा, खाट. गोदामाच्या उंदरांनीसुद्धा दारापर्यंत येऊन निरोप दिला. मार्चच्या आत, कागद घेऊन, दिवसाउजेडी आम्ही आमच्या घरात पाय टाकला. नवऱ्यानं कागद खिडकीच्या कोनाड्यात ठेवला. ज्या खिडकीवरून महाभारत झालं तिथूनच वारा येऊन तो फडफडायला लागला, तेव्हा आत्याबाईंनी त्याच्यावर वरवंटा ठेवला.

मग लक्षात आलं की भूक लागली आहे आणि सैपाक झालेलाच नाही. होता तो फक्त कालचा रस्सा, गंजभर. शिजलेलं फेकायचं नाही, हा आत्याबाईंचाच नियम. भाकरी थापल्या आणि आम्ही तिघं बसलो.

पहिल्या घासाला नवऱ्याच्या डोळ्यांतून धार लागली. मग माझ्या. आत्याबाईंनी घास गिळला, नाक पुसलं, आणि भिजल्या डोळ्यांनी आधी गंजाकडं आणि मग माझ्याकडं एकटक पाहिलं. काल रस्सा कुणी केला आणि आज कागद कसा आला, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "वाढ अजून."

आम्ही तिघंही नाकं ओढत, हुंदके देत, घळाघळा रडत जेवत होतो, इतक्यात नवी शेजारीण हळदीकुंकवाचं बोलावणं करायला दारात आली. आमची तोंडं पाहून ती उंबऱ्यातच थबकली आणि धुराड्याकडं संशयानं पाहायला लागली.

"काय वं माय," ती म्हणाली, "बिनधुराची चूल म्हने ना? आन् घरात एवढा धूर?"

आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि ते लगेच पुन्हा भरले.

"धूर नाई वं," त्या म्हणाल्या. "कमेटीचा कागद आला. ये, जेवाले बस."